थांबलेलं हृदय आणि आपले दोन हात



आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात ‘हृदय’ हा शब्द दर वर्षी भरपूर येतो. कुणाचं तुटलेलं असतं, कुणाचं हरवलेलं असतं, तर कुणी ते फर्स्ट इयरलाच कुणाला तरी देऊन मोकळं झालेलं असतं! मी मात्र आज ज्या हृदयाबद्दल लिहिणार आहे ते आपापल्या मुठीएवढं आहे. वजन साधारण तीनशे ग्रॅम, मिनिटाला सत्तर-बहात्तर ठोके, आणि जन्मल्यापासून एकही सुट्टी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर एक पंप. हा पंप अचानक बंद पडला तर शेजारी उभ्या असलेल्या साध्या माणसाने काय करायचं, एवढाच या लेखाचा विषय आहे.

त्या कृतीला सीपीआर म्हणतात. मराठीत तिला ‘हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन’ असा भारदस्त शब्द आहे, पण तो नीट उच्चारेपर्यंतच पेशंटचे दोन-तीन सेकंद जायचे! म्हणून आपण सीपीआरच म्हणू.

सीपीआर म्हटलं की बहुतेकांची प्रतिक्रिया ठरलेली असते : “ते डॉक्टरांचं काम आहे बाबा, आपण कशाला हात लावा?” हा लेख वाचून झाल्यावर हे वाक्य तुमच्या तोंडून पुन्हा येऊ नये, एवढीच माझी इच्छा. कारण सीपीआर हे डॉक्टरांचं काम नसून डॉक्टर येईपर्यंतचं काम आहे, आणि ते जो सर्वांत जवळ उभा आहे त्याचं आहे.

बंद पडणं म्हणजे नक्की काय?

आपण हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पण ते वेगळे आहेत. हार्ट अटॅक हा पाइपलाइनचा बिघाड. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकते आणि त्या भागाला रक्त मिळेनासं होतं. माणसाच्या छातीत दुखतं, घाम फुटतो, पण बहुतेक वेळा तो शुद्धीवर असतो, बोलतो. हृदय चालू असतं. त्याला ताबडतोब हॉस्पिटलमध्ये न्यायचं असतं; त्याच्या छातीवर दाब द्यायचा नसतो.

कार्डिॲक अरेस्ट म्हणजे पंपच बंद. पुष्कळदा हा इलेक्ट्रिकल बिघाड असतो. हृदयाचे ठोके एका छोट्या विद्युत संदेशाने ठरतात. तो संदेश बिघडला की हृदयाचे स्नायू एकत्र आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. मोटर गुणगुणतेय पण पाणी चढत नाही, तसा प्रकार. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होऊन कोसळतो. हार्ट अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, तसाच तो विजेच्या शॉकने, पाण्यात बुडाल्याने, छातीवर जोराचा मार बसल्याने किंवा जन्मतः असलेल्या हृदयदोषामुळेही होऊ शकतो. म्हणजे ‘हे म्हाताऱ्यांचं दुखणं, आपण विशीतले’ असं समजून पान उलटू नका. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ ला युरो कपच्या मॅचमध्ये, हजारो प्रेक्षकांसमोर मैदानात कोसळला तेव्हा तो २९ वर्षांचा होता आणि आपल्या सगळ्यांपेक्षा फिट होता. मैदानावरच त्याला सीपीआर आणि शॉक मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत तो इंग्लंडमध्ये पुन्हा मॅच खेळला.

घड्याळाचं गणित

पंप थांबला की सर्वांत आधी फटका बसतो मेंदूला. रक्त मिळालं नाही तर चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशी कायमच्या निकामी व्हायला लागतात. सीपीआर आणि शॉक यांपैकी काहीच मिळालं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होते, असं यातले तज्ज्ञ सांगतात.

आता होस्टेलचं उदाहरण घेऊ. समजा, रात्री एक वाजता कुणी तरी कॉरिडॉरमध्ये कोसळलं. ‘काय झालं, काय झालं’ करत गर्दी जमणं, एक मिनिट. रेक्टर सरांना उठवणं, दोन मिनिटं. १०८ ला फोन लावून पत्ता समजावणं, एक-दोन मिनिटं. गाडी जवळूनच निघाली असं धरू. द्वारका चौक रात्रीचा मोकळा आहे असंही धरू (दिवसा धरायची सोय नाही!). गेट उघडलं, स्ट्रेचर जिन्याने वर आलं. ही माझी मोघम बेरीज आहे, पण कितीही काटकसर केली तरी दहा-बारा मिनिटं कुठे जात नाहीत. आणि मेंदूकडे आहेत चार-पाच.

यात ॲम्ब्युलन्सवाल्यांची काही चूक नाही. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिने खूप जणांना वाचवलं आहे. पण गणितच असं आहे की मधली सहा-सात मिनिटं तिथे हजर असलेल्यांनीच भरून काढायची असतात. दुसरं कुणी ती भरू शकत नाही.

हॉस्पिटलच्या दारात

हे किती मिनिटांचं, किंबहुना किती मीटरचं प्रकरण असतं ते आपल्या मराठी अभिनेत्याच्या उदाहरणातून कळतं. १४ डिसेंबर २०२३ रोजी श्रेयस तळपदे मुंबईत दिवसभर शूटिंग करून घरी गेले. अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून पत्नी त्यांना गाडीतून हॉस्पिटलकडे घेऊन निघाल्या. वय ४७. पुढे एका मुलाखतीत त्यांनी स्वतःच सांगितलं की, हॉस्पिटल अगदी जवळ आलेलं असताना त्यांची शुद्ध हरपली. गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली. पत्नीने कशीबशी बाहेर पडून मदतीसाठी हाका मारल्या. रस्त्यावरची माणसं धावली आणि त्यांनी त्यांना आत पोहोचवलं. डॉक्टरांनी सीपीआर दिला, विजेचा शॉक दिला, हृदय पुन्हा सुरू झालं आणि मग अँजिओप्लास्टी झाली. आपण काही मिनिटं ‘क्लिनिकली डेड’ होतो, असं त्यांनी म्हटलं आहे.

यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी माणसं म्हणजे रस्त्यावर धावलेली ती अनोळखी माणसं. ती थांबून बघत राहिली असती, तर हॉस्पिटल समोर असूनही उपयोग नव्हता. आणि हॉस्पिटल समोर नसतंच, तर? तर सीपीआर त्याच माणसांना करावा लागला असता.

हा शोध कुणाचा? आपल्याच माणसाचा!

आता थोडा इतिहास, आणि तो वाचून खास करून इलेक्ट्रिकलवाल्यांची कॉलर ताठ होईल. छातीवर बाहेरून दाब देऊन थांबलेलं हृदय चालवता येतं, हा शोध ज्यांच्या लॅबमध्ये लागला ते विल्यम कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्रोफेसर होते!

झालं असं की, विजेचं जाळं पसरत होतं तसे खांबावर काम करणारे लाइनमन शॉक लागून मरत होते. वीज कंपन्यांनाच प्रश्न पडला की शॉकने नेमकं काय होतं आणि माणसाला परत आणता येईल का. १९२० च्या दशकाच्या अखेरीस कौवेनहोवेन आणि त्यांचे सहकारी या कामाला लागले. ज्या विजेने हृदय थरथरायला लागतं, त्याच विजेचा नेमका झटका दिला तर ते पुन्हा लयीत येतं, या तत्त्वावर त्यांनी छाती न उघडता शॉक देणारं यंत्र तयार केलं. म्हणजे डिफिब्रिलेटर.

१९५८ मध्ये त्यांच्या लॅबमधला निकरबॉकर नावाचा तरुण इलेक्ट्रिकल इंजिनिअर कुत्र्यांवर प्रयोग करत होता. त्याच्या लक्षात एक गंमत आली. शॉक द्यायच्या आधी जड पॅडल कुत्र्याच्या छातीवर नुसती दाबून धरली, तरी रक्तदाबाच्या रेकॉर्डरवर काटा किंचित वर जातो. अजून करंट सोडलेलाच नाही, मग दाब वाढला कसा? आपण असतो तर ‘रीडिंग एरर’ लिहून जर्नल पूर्ण केलं असतं! त्याने तसं केलं नाही. छाती दाबली की रक्त पुढे सरकतं, हे त्यातून निघालं. मग जेम्स ज्यूड हे सर्जन त्यांना येऊन मिळाले आणि किती जोराने, कुठे आणि किती वेळा दाबायचं हे तिघांनी मिळून ठरवलं.

त्याआधी हृदय थांबलं की छाती कापून आत हात घालून हृदय चोळायचं, असा प्रकार होता. अर्थातच तो फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये शक्य. ९ जुलै १९६० ला या तिघांचा शोधनिबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. त्यात २० पेशंटची माहिती होती आणि त्यांतले १४ वाचले होते. निबंधाचा मुख्य सांगावा असा की आता हे कुणालाही, कुठेही सुरू करता येईल, त्यासाठी लागतात फक्त दोन हात. कौवेनहोवेन तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. पुढे १९६९ मध्ये त्याच विद्यापीठाने या इंजिनिअरला मानद डॉक्टरची, म्हणजे एम.डी.ची पदवी दिली. असो.

सांगायचा मुद्दा, ज्या कृतीला आपण ‘डॉक्टरांचं काम’ म्हणून हात लावत नाही, ती एका इंजिनिअरने लाइनमनच्या शेजारच्या लाइनमनसाठी शोधायला सुरुवात केली होती.

हाताने चालणारा पंप

हायड्रॉलिक्समध्ये रेसिप्रोकेटिंग पंप शिकलोय ना? सीपीआर म्हणजे तेच. छातीच्या मधल्या हाडावर दाब दिला की ते हाड आणि पाठीचा कणा यांच्यात हृदय दाबलं जातं, आणि छातीतला दाबही वाढतो. रक्त बाहेर ढकललं जातं. हृदयात वन-वे व्हॉल्व्ह असतातच, त्यामुळे रक्त उलटं जात नाही. हा झाला डिलिव्हरी स्ट्रोक. दाब सोडला की छाती वर येते आणि हृदय पुन्हा भरतं. हा सक्शन स्ट्रोक. यावरून सीपीआरचे जवळजवळ सगळे नियम आपोआप निघतात, पाठ करायची गरज नाही :

स्ट्रोक पुरेसा खोल हवा. मोठ्या माणसासाठी ५ ते ६ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंचांपेक्षा जरा जास्त. नुसतं चोळून किंवा थोपटून काही होत नाही.

वेग हवा. मिनिटाला १०० ते १२० दाब. म्हणजे सेकंदाला दोनपेक्षा किंचित कमी. आपण नाशिककर, ढोलाच्या गावचे. ठेका धरायला आपल्याला कुणी शिकवायला नको, फक्त हा ठेका शेवटपर्यंत एकसारखा ठेवायचा.

प्रत्येक वेळी दाब पूर्ण सोडायचा. छातीवर रेलून राहिलात तर सक्शनच होणार नाही, मग पुढच्या स्ट्रोकला ढकलणार काय?

मध्ये थांबायचं नाही. थांबलं की रक्तदाब झपकन खाली येतो आणि पुन्हा चढायला बरेच दाब द्यावे लागतात. पंप पुन्हा प्राइम करण्यासारखंच ते.

उत्तम सीपीआर केला तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या फार तर पाव ते एक तृतीयांश रक्त वाहतं. म्हणजे ही काही पूर्ण दुरुस्ती नव्हे. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर एक बल्ब चालू ठेवण्यासारखं आहे. पण त्या एका बल्बवर मेंदू तग धरतो.

प्रत्यक्षात काय करायचं?

१. आधी जागा सुरक्षित आहे ना ते बघा. वायर, गाड्या, आग. मदतीला गेलेला दुसरा पेशंट व्हायला नको.

२. दोन्ही खांद्यांवर जोरात थोपटा आणि मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही? छातीकडे बघा, ती वरखाली होतेय का. यात दहा सेकंदांपेक्षा जास्त घालवू नका. नाडी शोधत बसू नका, घाबरलेल्या हाताला ती सापडत नाही. एक महत्त्वाचं : माणूस मधूनच आचके देत असेल, माशासारखं तोंड उघडून घरघर करत असेल, तर तो श्वास नव्हे. ‘अरे, श्वास चालू आहे’ म्हणून लोक इथेच फसतात. प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही म्हणजे अरेस्ट समजा आणि कामाला लागा.

३. एकाला, नाव घेऊन किंवा बोट दाखवून सांगा : “तू, निळा शर्ट, १०८ ला फोन लाव, आणि लागला की मला सांग.” ‘कुणी तरी फोन करा रे’ म्हटलं की कुणीच करत नाही. ११२ वर केला तरी चालेल. दुसऱ्याला गेटवर पाठवा. एकटेच असाल तर फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि सुरू करा.

४. माणसाला पाठीवर, कडक जमिनीवर झोपवा. होस्टेलच्या कॉटवर गादीसकट दाब दिलात तर छातीऐवजी गादीच दबणार! सरळ खाली फरशीवर घ्या.

५. बाजूला गुडघ्यांवर बसा. एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या बरोबर मध्ये, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा. दुसरा हात त्यावर. बोटं गुंतवा. कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. आता दंडाच्या ताकदीने नाही, कमरेपासून वरच्या शरीराचं वजन टाकून सरळ खाली दाबा आणि सोडा. दाबा आणि सोडा. मोठ्याने मोजा.

६. दोन मिनिटांत, म्हणजे साधारण २२० दाबांत, चांगला जिमवालाही दमतो आणि त्याचे दाब त्याच्या नकळत उथळ होतात. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. बदलताना काही सेकंदांपेक्षा जास्त खंड नको.

७. माणूस हालचाल करून नीट श्वास घ्यायला लागेपर्यंत किंवा ॲम्ब्युलन्सची माणसं ताबा घेईपर्यंत चालू ठेवा. शॉक देणारं ऑटोमॅटिक यंत्र, एईडी, जवळ असेल तर लगेच आणायला सांगा. ते सुरू केलं की स्वतःच बोलून काय करायचं ते सांगतं. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी ते अजून फार कमी दिसतं.

“आणि तोंडाने श्वास?” हा प्रश्न येणारच. प्रशिक्षण घेतलेली माणसं ३० दाबांनंतर २ श्वास देतात. पण मोठा माणूस डोळ्यांदेखत अचानक कोसळला असेल, तर त्याच्या रक्तात पहिल्या काही मिनिटांपुरता ऑक्सिजन असतो. तो मेंदूपर्यंत पोहोचवणं हीच घाई असते. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्ये सामान्य लोकांसाठी फक्त दाब देण्याची पद्धत सांगितली, आणि भारतातल्या भूलतज्ज्ञांनीही २०१७ मध्ये ‘कोल्स’ नावाने अशीच फक्त दाबाची सोपी पद्धत आपल्यासाठी मांडली. म्हणजे श्वास देता येत नाही किंवा द्यायची हिंमत होत नाही, हे गप्प उभं राहायचं कारण होऊ शकत नाही.

आणि हे मात्र करू नका : तोंडात पाणी ओतणं, चप्पल किंवा कांदा हुंगवणं, तळवे घासत बसणं, उठवून बसवणं. यातून हृदय सुरू होत नाही, फक्त मिनिटं जातात. माणूस बेशुद्ध आहे पण श्वास नीट चालू आहे, तर त्याला कुशीवर वळवा आणि श्वासावर लक्ष ठेवा.

शॉक, पाणी आणि गर्दी

आपल्याकडे सर्वांत जवळचा धोका विजेचा. बादलीतली हीटिंग रॉड, सोललेल्या वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड, मशीन लॅबमधला उघडा टर्मिनल. ५० हर्ट्‌झचा, एक ॲम्पिअरच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट छातीतून गेला तरी हृदय थरथरायला लावू शकतो. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्यच नसेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर ढकला, चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. हाय टेन्शन लाइन असेल तर सप्लाय बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळही जाऊ नका. मग वर सांगितल्याप्रमाणे तपासा आणि गरज असेल तर दाब सुरू करा.

सबस्टेशन आणि कारखान्यांत शॉकच्या उपचारांचा तक्ता लावायचा नियम आहे, आणि तिथल्या नेमलेल्या माणसांना ते उपचार करता आले पाहिजेत असंही नियम सांगतो. पण जुन्या तक्त्यांवर चित्र असतं माणसाला पालथं पाडून पाठीवर दाब देण्याचं. ही शेफर यांची १९०३ ची पद्धत. ती श्वासासाठी होती. थांबलेल्या हृदयाला तिचा उपयोग नाही. उद्या तुम्ही सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत ट्रेनिंगला जाल तेव्हा भिंतीवरच्या तक्त्यावर साल नाही तरी चित्र तरी बघा. माणूस पालथा दिसला तर तो तक्ता १९६० च्या आधीचा आहे, असं खुशाल समजा आणि सुपरवायझर साहेबांना सांगा.

गंगापूर धरण, सोमेश्वर, गोदाकाठ इथे पावसाळ्यात आपण फिरायला जातोच. बुडालेल्या माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन आधीच संपलेला असतो. त्याच्यासाठी, तसंच लहान मुलांसाठी, श्वास देणं फार महत्त्वाचं. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. ज्याला श्वास द्यायला येतो त्याने द्यावेत, कुणालाच येत नसेल तर निदान दाब तरी द्यावेत.

तिसरी गोष्ट गर्दी. २७ ऑगस्ट २००३ रोजी आपल्या नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविकांचे प्राण गेले. अशा गर्दीत माणूस बहुधा तुडवला जाऊन नाही तर छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून जातो. २९ ऑक्टोबर २०२२ ला सेऊलमध्ये तसंच झालं, तेव्हा रस्त्यावरचे साधे तरुण-तरुणी अनोळखी माणसांना सीपीआर देत होते. १५९ जण गेले, पण हात चालवायला कुणी परवानगीची वाट बघितली नाही. २०२७ मध्ये आपल्याकडे पुन्हा सिंहस्थाची पर्वणी आहे. एनएसएसमधून आपल्यापैकी कित्येक जण घाटावर उभे असतील. नुसती शिट्टी आणि टोपी घालून उभं राहायचं की आणखी काही शिकून, हे आपण आत्ताच ठरवू शकतो.

मग आपण थांबतो कशाला?

१९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डार्ली आणि लटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी आपल्यासारख्याच कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. इंटरकॉमवरून पलीकडच्या खोलीतल्या मुलाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ज्यांना वाटलं की ऐकणारे आपण एकटेच आहोत, त्यांच्यापैकी ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला उठले. ज्यांना वाटलं की आणखी चौघं ऐकतायत, त्यांच्यातले ३१ टक्केच उठले. मुलं तीच, माणुसकी तीच. फक्त ‘दुसरा कुणी तरी बघेल’ हा विचार आडवा आला. होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये तर चौघं काय, चाळीस असतात! बोट दाखवून काम सांगायचं ते यासाठीच.

दुसरी भीती, ‘चुकलं तर?’ बरगडी मोडू शकते, कधी कधी मोडतेही. पण बरगडी जुळते. आणि ज्याचं हृदय थांबलंय त्याचं आणखी वाईट काय होणार आहे?

तिसरी भीती पोलिसांची. ३० मार्च २०१६ रोजी सुप्रीम कोर्टाने अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत कलम १३४-ए आलं. रस्ते अपघातात प्रामाणिकपणे मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

आणि चौथा संकोच, जो कुणी बोलून दाखवत नाही. कोसळणारी मुलगी असेल तर? अमेरिकेतल्या अभ्यासांतही आढळलंय की सार्वजनिक ठिकाणी बायकांना सीपीआर कमी मिळतो, कारण लोक हात लावायला बिचकतात. मित्रांनो, हात ठेवायचा असतो तो मधल्या हाडावर, आणि कपडे काढायची गरज नसते. आणि मैत्रिणींनो, आपल्या होस्टेलमध्ये रात्री आपणच असतो. ‘मुलांना बोलवा’ म्हणायला तिथे कुणी नसतं. ताकद कमी पडते असं वाटत असेल तर लक्षात ठेवा, वजन टाकायचंय, दंड नाही. आणि दर दोन मिनिटांनी बदलायला दहा जणी आहेत.

आपल्याला एवढं जमेल?

एक प्रामाणिक गोष्ट सांगते. सिनेमात हिरो छातीवर दोन बुक्क्या मारतो आणि माणूस डोळे उघडून डायलॉग म्हणतो. खऱ्या आयुष्यात असं होत नाही. सगळं बरोबर करूनही बरेच जण वाचत नाहीत. पण काहीच केलं नाही तर वाचायची जी काही शक्यता असते, तीसुद्धा आपल्यासमोर मिनिटामिनिटाने संपत जाते. केलं म्हणून हमी नाही, पण केलं म्हणून संधी आहे.

लेख वाचून पोहता येत नाही, तसा लेख वाचून सीपीआरही पूर्ण येत नाही. हाताला सवय हवी. आपल्या शहरात आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, आडगावला मेडिकल कॉलेज आहे. ६ डिसेंबर २०२३ ला तर देशभर एकाच दिवशी सीपीआर शिकवण्याचा सरकारी कार्यक्रमही झाला होता. तेव्हा आपल्या प्राचार्य सरांना आणि रेक्टर सर-मॅडमना या लेखातून तीन विनंत्या : दर वर्षी फर्स्ट इयरच्या इंडक्शनमध्ये पुतळ्यावर हात चालवून बघायचा एक तास ठेवावा. प्रत्येक मजल्यावर १०८, ११२ आणि होस्टेलचा पूर्ण पत्ता, जवळच्या खुणेसकट, मोठ्या अक्षरांत लावावा, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. आणि रात्रपाळीच्या वॉचमन काकांना आणि मेसच्या मावशींनाही या तासाला बसवावं, कारण आपण झोपलेलो असतो तेव्हा जागे तेच असतात.

तोपर्यंत घट्ट बांधलेल्या वळकटीवर दोन मिनिटं दाब देऊन बघा. मित्राच्या छातीवर मात्र सराव करू नका, चालू हृदयाला आपल्या मदतीची गरज नसते! फोनमध्ये मेट्रोनोम ११० वर लावा, एकाने मोजा, दुसऱ्याने दाबा, दोन मिनिटांनी बदला. रूम पार्टनरबरोबर आज रात्री जेवणानंतर पाच मिनिटं पुरतात. सबमिशन तेवढं थांबेल.